दुसऱ्या कडव्यानंतरचं नाव

सान्ता इनेसमध्ये ऐकणारा माणूस मिळत नाही, ही आमची जुनी अडचण. गाणारे हवे तेवढे. अकॉर्डियनवाले तर इतके की चर्चमागच्या गल्लीत दुपारी डोळा लागत नाही. एका घरात एक जण सूर धरतो, त्याला ऐकवायला पलीकडच्या घरातला दुसरा धरतो, आणि मधल्या घरातली विधवा दोघांच्या आयांचा उद्धार करत बसते. किनाऱ्यावरच्या कुठल्याही शहरात जा. बसमध्ये, खाटकाकडे, दाताच्या डॉक्टरकडे जे गाणं वाजत असेल त्यातला गाणारा नाहीतर वाजवणारा आमचा निघतो. आणि गावात मागे राहिलेला प्रत्येक जण तुम्हाला सांगेल की तो जो मोठा झाला ना, त्याच्यापेक्षा माझा आवाज बरा होता. मीही सांगतो. माझं खरं आहे.

दागोबेर्तो आर्सुआगा मात्र असं कधी म्हणाला नाही. त्याला गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं. टाळी द्यायला गेला तर ती ठेक्याच्या मागून धापा टाकत यायची. तो चीज करायचा. खारं, पांढरंशुभ्र, दाताखाली चुरचुरणारं चीज केळीच्या पानात गुंडाळून हातगाडीवर ठेवायचा आणि गावभर फिरायचा. पण कुठे आंब्याखाली बैठक बसायची असली की पहिला निरोप त्याला जायचा. अकॉर्डियनवाल्याला नंतर.

बैठकीचा आमच्याकडे नियम आहे. नाचायचं नाही, आणि गाणं चालू असताना बोलायचं नाही. गाणं संपलं की काय हवं ते बोला, विनोद सांगा, बाटली फिरवा, कुणाची अब्रू काढा. पण अकॉर्डियनने तोंड उघडलं की आपलं बंद. नियम सगळ्यांना ठाऊक आणि पाळणं कुणालाच जमत नाही, मला तर नाहीच. दागो पाळायचा आणि पाळायला लावायचा. चामड्याची खुर्ची भिंतीला कलती टेकवून, डोळे मिटून, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसायचा. मी शेजाऱ्याच्या कानात कुणाच्या बायकोबद्दल काही सांगायला लागलो की डोळे न उघडता एक बोट वर करायचा. त्या बोटापायी माझ्या किती चांगल्या गोष्टी वाया गेल्या, त्याची मला अजून हळहळ वाटते.

लिबार्दो ब्राचो, ज्याचे फोटो आता थंड पेयांच्या जाहिरात-फलकांवर दिसतात, तो त्या काळी एका शर्टाचा धनी होता. गावातली चुलत घरं त्याला दारात उभं करेनात, तेव्हा तो दागोच्या पडवीत दोरीची झोळी बांधून राहिला. दोन पावसाळे राहिला. दागोची बायको एदिल्मा त्याला मक्याचे आरेपा भाजून घालायची, आणि तो एक शर्ट धुऊन वाळेपर्यंत हा उघडाबंब बसून गळा साफ करायचा. तरणी बाई, तरणा गवई, नवरा सकाळपासून हातगाडी घेऊन बाहेर. आमच्या गावाला एवढं पुरतं. काय काय बोललं गेलं, त्यातलं अर्धं तर मी ऐकून घेण्याआधीच पुढे सांगितलं होतं. खरं त्यात काहीच नव्हतं. एदिल्मा त्याला घोरण्यावरून शिव्या द्यायची आणि त्याचं ताट दागोच्या आधी वाढायची, कारण तो हावरा होता आणि नजर लावायचा.

मग लिबार्दोला मेदेयीनला रेकॉर्ड करायला बोलावणं आलं. निघायच्या दिवशी एदिल्माने कोळशाच्या इस्त्रीने शर्ट इतका कडक करून दिला की बसमध्ये तो बिचारा पाठ टेकू शकला नाही म्हणे. त्या रेकॉर्डमधलं एक गाणं असं चाललं की विचारू नका. गाणं नदी ओलांडून गेलेल्या पोरीचं होतं. पोरीचं नाव आज कुणालाही आठवत नाही. आठवतो तो पुकारा.

आमच्या गाण्यांत ती जागा असतेच. दुसरं कडवं संपतं, अकॉर्डियन एकटं पुढे जातं, आणि त्या मोकळ्या जागेत गाणारा नावं पुकारतो. जिवलग मित्राचं, ज्याने गाडी दिली त्या गुरंवाल्याचं, ज्याला मतं हवी आहेत त्या पुढाऱ्याचं. लिबार्दोने त्या जागी ओरडून म्हटलं, “दागोबेर्तो आर्सुआगा, सान्ता इनेसचा आनंद!”

एदिल्माचं का नाही घेतलं, असं आज तुम्ही विचाराल. दुसऱ्याच्या बायकोचं नाव रेकॉर्डवर ओरडायचं आणि पुन्हा सान्ता इनेसमध्ये पाऊल टाकायचं? आम्ही त्याला बसस्टँडवरूनच परत पाठवला असता. तिलाही ते ठाऊक होतं. गाणं लागलं की एप्रनला हात पुसत दारात यायची आणि म्हणायची, “त्या पुकाऱ्यातला अर्धा माझा. नाव याचं, आरेपा माझे.”

त्या दिवसापासून दागो साधा चीजवाला राहिला नाही. परगावची माणसं बस थांबवून विचारायची, गाण्यातला माणूस कोणता? मग त्याने एक हात वर करून हसायचं, हे ठरून गेलं. दात दुखत असला तरी हसायचं. पुरात गुरं वाहून गेली आणि महिनाभर दूध मिळालं नाही, तेव्हाही हसायचं. आनंद म्हटल्यावर काय करणार? एकदा त्याच्या आईला पुरून तो परत येत होता आणि ट्रकमधून कुणीतरी ओरडलं, “अरे, सान्ता इनेसचा आनंद!” काळ्या कपड्यात त्याने हात वर केला. मी शेजारी होतो. सवय लागली की हाताला कुठे बाहेरचं काय चाललंय ते कळतं.

गेल्या नोव्हेंबरात एदिल्मा गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि तिला घेऊनच गेला. घरासमोर रस्त्यावर ताडपत्री ताणली, शेजारपाजारच्या खुर्च्या आल्या, दारावर काळी फीत बांधली. नऊ दिवस माणसं येत राहिली. आमच्याकडे मयताच्या घरी लोक नुसते रडत नाहीत, सोंगट्याही खेळतात, विनोदही सांगतात. मी माझे ठेवणीतले सांगितले आणि एदिल्माची बहीणसुद्धा तोंडावर हात धरून हसली. दागो मात्र पुढे दिसायचा नाही. तो मागच्या अंगणात मोठ्या पातेल्यात बोकडाचा रस्सा ढवळत होता. जन्मभर गावाच्या प्रत्येक बैठकीला त्यानेच रांधलं, तेव्हा याही वेळी कुणाला त्यात वेगळं वाटलं नाही. त्याची चामड्याची खुर्ची दाराशी भिंतीला टेकून रिकामी होती. त्याच्या खुर्चीत कोण बसणार?

मग रिवाजाप्रमाणे त्याच्या घरातला रेडिओ बंद झाला. सुतकाचं वर्ष, गाणं नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी आम्ही नेल्सीच्या गुत्त्यात डॉमिनो मांडून बसलो होतो. मी होतो, ओव्हिदियो न्हावी होता, आणि लॉटरीची तिकिटं विकणारी पेत्रोना मावशी होती, जी खेळत नाही पण सगळ्यांच्या सोंगट्या बघून चेहरा करते. रेडिओवर बारांकियाहून लिबार्दोचा कार्यक्रम लागला होता. ते गाणं आलं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, अकॉर्डियन पुढे गेलं, आणि लिबार्दोचा आवाज एकदम भरून आला.

“आणि तिकडे वर, स्वर्गात, माझा दागोबेर्तो आर्सुआगा. आता देवाला ऐकायला शिकव, म्हाताऱ्या.”

नेल्सीच्या हातातला फडका थांबला. ओव्हिदियोने सोंगटी खाली ठेवली.

“कधी?”

“काय कधी?” मी म्हटलं.

“गेला कधी? सकाळी तर मी त्याच्याकडून चीज घेतलं.”

“सकाळी असायला काय झालं,” पेत्रोना मावशी छातीवर क्रूस काढत म्हणाली, “सकाळी तोबियासही होता.”

तोबियास ढोलवाला. काही वर्षांमागे तो इस्पितळात पडला होता आणि लिबार्दोने एका कार्यक्रमात घाईघाईने त्याला स्वर्गात पुकारलं. तोबियासने रेडिओवर ते ऐकलं, नर्सला म्हणाला, “बघा, मला उशीर होतोय,” आणि त्याच आठवड्यात गेला. तेव्हापासून गावात पक्कं झालं की पुकारा खोटा पडत नाही. माणूस मेला नसेल तर तेवढीच कसर भरून काढतो.

एवढ्यात कोपऱ्यावरून हातगाडीच्या चाकाची कुईकुई आली आणि मागून दागो.

“काय रे, कुणी गेलं का? सगळे असे का बसलात?”

नेल्सीने रेडिओ बंद केला. म्हणाली, तुझं सुतक आहे म्हणून. ओव्हिदियो छताकडे बघायला लागला. शेवटी मी सांगितलं. अशी बातमी दुसऱ्या कुणाला सांगू देणं माझ्याच्याने होत नाही.

“लिबार्दोने तुला स्वर्गात पाठवलं, दागो. आत्ता. दुसऱ्या कडव्यानंतर.”

त्याने डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

“चांगलं म्हणाला का?”

“गळा भरून आला होता.”

“मग बरंय. एदिल्मा म्हणेल, चीज न आणता कसा आलास.” तो हसला, आणि सगळ्यांना चीजचा एकेक तुकडा कापून दिला. ओव्हिदियोने खाल्ला. पेत्रोना मावशीने तिचा तुकडा टेबलाखाली कुत्र्याला टाकला. कुत्र्याने खाल्ला, पण मावशीकडे बघत बघत.

पहिला आठवडा गमतीत गेला. कबरस्तान विचारत एक म्हातारी शेजारच्या गावाहून मेणबत्ती घेऊन आली. तिने पत्ता विचारला तो नेमका दागोला. त्याने तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की मीच तो. म्हातारीने पाणी न पिता पेला खाली ठेवला आणि मेणबत्ती तिथेच टाकून उन्हात चालायला लागली. ओव्हिदियो त्याची दाढी करताना म्हणायचा, “मेल्यावर जास्तच राठ झाली रे तुझी.” मराकाईबोला दिलेली मुलगी योलिमा फोनवर रडत होती, तिला कुणीतरी सांत्वनाला फोन केला होता. दागोने तिला स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मी आहे. ती म्हणाली, “बाबा, पण रेडिओवर म्हणाले.”

गंमत हळूहळू आंबली. बायका त्याच्या हातगाडीवरून चीज घेईनाशा झाल्या. तोंडावर कुणी काही म्हणत नव्हतं. म्हणायच्या, आज आहे घरात. म्हणायच्या, पोराचं पोट बिघडलंय. पेत्रोना मावशी तर सरळ पलीकडच्या फुटपाथवर जायची. संध्याकाळी तो जेवढं नेलं तेवढंच परत आणायचा आणि कोंबड्यांना घालायचा. मग त्याने दूधच कमी घ्यायला सुरुवात केली, आणि जेवणही. एकदा चर्चच्या सावलीत तो गाडीच्या दांड्यावर बसला होता, दोन बोटं दुसऱ्या हाताच्या मनगटावर. मी जवळ गेलो तशी त्याने बोटं काढून घेतली.

“ठेका सापडतोय का?” मी चिडवलं. “तुला कधी सापडला नाही, आता काय सापडणार.”

तो हसला नाही. “तुला काय वाटतं,” तो म्हणाला, “एकदा गाण्यात म्हटलं, की मग ते तसंच होतं?”

“तोबियासचं लिव्हर गेलं होतं, मूर्खा.”

“हो, पण त्या आठवड्यात का गेलं?”

 

तेव्हा आम्ही चौघांनी बसून ठरवलं. नेल्सीचं म्हणणं, लिबार्दोला फोन करावा आणि त्याने रेडिओवर सांगावं की चूक झाली. ओव्हिदियोला ते पटलं नाही. “बातमीत सांगून काय उपयोग? बातमीवर कोण विश्वास ठेवतो? त्याच गाण्यात, त्याच जागी, त्याच गळ्याने परत म्हणायला पाहिजे, की जिवंत आहे.” सगळ्यांना पटलं. दागोलाही पटलं, तो प्रथमच पोटभर जेवला त्या दिवशी. जानेवारीत सान्ता इनेसच्या जत्रेला लिबार्दो चौकात गाणार होता, ते ठरलेलंच होतं. नेल्सीने त्याच्या फाब्रिसियो नावाच्या व्यवस्थापकाला फोन लावला. तो इतका हसला की आम्हाला टेबलापलीकडे ऐकू आलं. म्हणाला, झकास आहे, लोक वेडे होतील, म्हाताऱ्याला नवा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसवा.

तिथपासून जत्रेपर्यंत दागो नुसता तग धरून होता. उन्हात निघायचा नाही. रस्ता ओलांडताना गाढव आलं तरी थांबायचा. मला म्हणाला, “तेवढ्या दिवसापर्यंत काही व्हायला नको.” पासष्टीच्या पुढचा माणूस, विहिरीवर चढताना कठडा असा धरायचा की जणू हातात काचेचं काही आहे, आणि ते म्हणजे तोच.

जत्रेच्या दिवशी लिबार्दो गाड्यांचा ताफा घेऊन आला. पोट सुटलंय, केस मात्र चमत्काराने काळेच. नेल्सीच्या अंगणात जेवण होतं आणि रस्सा अर्थातच दागोने रांधला होता. लिबार्दोने त्याला पाठीमागून येऊन मिठी मारली, उचललं, गोल फिरवलं.

“अरे भुता! मला रडवलंस तू. किती रडलो विचार या फाब्रिसियोला.”

“तुला सांगितलं कुणी?” दागो पळी बाजूला ठेवत म्हणाला.

“सांगायला कशाला पाहिजे? मी बघितलं ना. नोव्हेंबरात आमची बस याच रस्त्याने गेली. पुढच्या गावी कार्यक्रम होता. तुझ्या घरासमोर ताडपत्री, खुर्च्या, दारावर काळी फीत. आणि तुझी खुर्ची रिकामी. मी म्हटलं, गेला. दागो असता तर खुर्ची कधी रिकामी राहिली असती का? टोपी काढली मी, बसमध्येच. देवाशप्पथ.”

सगळे हसले. मीही हसलो. दागो हसायच्या बेतात होता, मग थांबला.

“आणि बस?”

“बसचं काय?”

“थांबली का बस?”

लिबार्दोने आमच्याकडे बघितलं. आम्ही रश्शाकडे बघितलं.

“कार्यक्रम होता रे. माणसं उन्हात उभी असतात, तुला काय सांगायचं. आणि मला ते बघवलं नसतं, पेटीतला तू. मी याला हार पाठवायला सांगितला होता. काय रे, पाठवलास ना?” फाब्रिसियोला एकदम फोन आला, जो आम्हाला कुणाला ऐकू आला नाही.

“नाही, बरोबर आहे,” दागो म्हणाला. “कार्यक्रम होता.” मग पळी पुन्हा हातात घेऊन, “ते माझं नव्हतं, लिबार्दो. एदिल्माचं होतं.”

लिबार्दोच्या हातातला उकडलेल्या युकाच्या कंदाचा तुकडा तसाच राहिला. “एदिल्मा? आपली एदिल्मा? कशी?”

“तापाने. तुझी बस गेली तेव्हा ती आतच होती, पुढच्या खोलीत. मी मागे होतो, रस्सा करत होतो.”

 मग दागोने हात पुसले आणि जे म्हणाला ते आमच्या ठरलेल्या बेतात कुठेच नव्हतं.

“माझं नको घेऊस आज. तिचं घे. तिथेच, दुसऱ्या कडव्यानंतर. वर, स्वर्गात, एदिल्मा. बाकी काही नको. आता कोण काय बोलणार आहे?”

“डोकं फिरलं का तुझं?” ओव्हिदियो उसळला. “आणि तू? तू तसाच वर राहणार?”

“राहीन.”

“चीज कोण घेईल तुझं? पोरगी तिकडे वेडी व्हायची राहिलीय. महिनाभर गाढवाला वाट देत जगलास तो कशासाठी?”

“ओव्हिदियो, गप्प बस,” दागो म्हणाला, आणि त्याचं ते जुनं बोट वर झालं.

लिबार्दोचे डोळे खरंच भरले होते. त्याबाबतीत मी त्याच्यावर आळ घेणार नाही. त्याने गळ्यावर हात ठेवला. “या गळ्याची शपथ. एदिल्मा. दुसरं नाव तिथे येणार नाही.” मग त्याने दुसऱ्यांदा रस्सा घेतला. हावरेपणा काही गेला नव्हता.

ऊन उतरल्यावर चौक भरला. फांद्यांवर माणसं, छपरांवर माणसं. दागोला नव्या शर्टात पुढच्या रांगेत बसवलं होतं. खुर्ची त्याने घरून स्वतःची आणली होती, पण टेकायला भिंत नव्हती म्हणून ताठ बसला होता. मी त्याच्या डावीकडे, ओव्हिदियो उजवीकडे. पेत्रोना मावशी मागे, एक बाक सोडून. गावाला जुनाच बेत ठाऊक होता, की आज दागोला जिवंत करणार. दुपारचं बोलणं आमच्यातच राहिलं होतं. होय, माझ्याकडूनही. एवढं चकित व्हायचं कारण नाही.

लिबार्दोने बरीच गाणी गायली. फाब्रिसियो मध्ये मध्ये त्याच्या कानाशी लागून नावं सांगत होता. महापौर, महापौराचा मेहुणा, भाताच्या गिरणीवाला, सगळी नावं आपापल्या जागी जाऊन पडत होती. मग ते गाणं आलं. दागोने डोळे मिटले, हात मांडीवर उपडे ठेवले. पहिलं कडवं गेलं. चौकात कुणी हुं का चूं नाही. आमचं गाव असं शांत मी पुरातसुद्धा बघितलेलं नाही. दुसरं कडवं संपलं. अकॉर्डियन पुढे गेलं. लिबार्दोने हात वर केला, छाती भरून श्वास घेतला, आणि मला दिसलं की त्याच्या ओठांनी एदिल्माचा आकार घ्यायला सुरुवात केली आहे. ओव्हिदियो म्हणतो, तसं काही नव्हतं. मी म्हणतो होतं.

“दागोबेर्तो आर्सुआगा, सान्ता इनेसचा आनंद! आणि जिवंत, देवाच्या कृपेने, जिवंत!”

चौक फुटला. टोप्या उडाल्या, कुणीतरी फटाके लावले, बायका रडल्या. पेत्रोना मावशी बाकावरून उडी मारून आली आणि तिने दागोचं डोकं छातीशी धरून त्याच्या टकलाचा मुका घेतला. सगळं गाव त्याच्याकडे तोंड करून उभं होतं, वाट बघत. दागोने डोळे उघडले. हात वर केला. हसला.

तो हात मी जवळून बघितला. तो पूर्ण वर गेलाच नाही, खांद्याशी येऊन थोडा वेळ तसाच राहिला, जणू कुणाला थांब म्हणत होता. मागच्यांना त्यातलं काही दिसलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर लिबार्दो घामाने निथळत खाली आला. “झालास की नाही जिवंत?”

“झालो.”

“ते दुसरं... अरे, तोंडात तेच आलं, दागो. इतकी वर्षं तिथे तेच नाव आहे. जीभ आपली आपणच गेली.”

“हो,” दागो म्हणाला. “सवय असते.”

लिबार्दो म्हणाला, पुढच्या वेळी नक्की. मग माणसांनी त्याला ओढून नेलं. गावात यावर अजून दोन पक्ष आहेत. एक म्हणतो जीभच घसरली, तीस वर्षांची वाट तिची. दुसरा म्हणतो फाब्रिसियोने कानात सांगितलं की मेलेल्या म्हातारीवर कोण टोप्या उडवतं? मी दोन्ही पक्षांना दुसऱ्याच्या बाजूने पुरावे पुरवतो, नाहीतर संध्याकाळी करायचं काय.

दुसऱ्या दिवसापासून चीज दुपारच्या आत संपायला लागलं. पेत्रोना मावशी आता रोज घेते आणि जिवंत माणसाच्या हातची चव वेगळीच म्हणते. योलिमाने मराकाईबोहून शर्ट पाठवला. दागो जेवतो, गाढवाला हाकलतो, विहिरीवर न धरता चढतो. कुणी ओरडलं तर हात वर करतो.

बैठकांना पूर्वीसारखा येतो, खुर्ची भिंतीला टेकवतो, डोळे मिटतो. मी कुजबुजलो तर बोट वर होतंच. फक्त कुणी लिबार्दोचं ते एक गाणं पुकाऱ्यासकट धरलं, आणि दुसरं कडवं संपत आलं, की तो डोळे उघडतो आणि बोलायला लागतो. मोठ्याने. काहीही. दूध पातळ येतंय म्हणतो, ओव्हिदियोला विचारतो डॉमिनोतला डबल सहा कुणाकडे आहे, नेल्सीला विचारतो कोंबडी अंडी घालते का. पुकारा होऊन जाईपर्यंत बोलत राहतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा अकॉर्डियनवाला परगावचा होता, त्याने रागाने वळून बघितलं. मी त्याला बोट दाखवून गप्प केलं आणि दागोला म्हटलं, “डबल सहा माझ्याकडे आहे.”

नव्हता. पण तेवढ्यात पुकारा निघून गेला.